सासूबाईंचं गंगास्नान

पाखरं बघायला मुद्दाम बसमध्ये बसून निफाडच्या पुढं जायचं, ही कल्पनाच सासूबाईंना पटत नव्हती. "सारा जन्म बाजरीवरची पाखरं हाकलण्यात गेला," त्या म्हणाल्या, "आता त्यांचंच तोंड बघाया जायचं का? मी नाय येत." कळवणकडच्या शेतात माळ्यावर उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं गोफण फिरवलेली. त्यांच्या लेखी पाखरू म्हणजे कणसाचं नुकसान.

पण ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ऐकलं नाही. हे नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात लेथ यंत्रावर कामाला होते आणि तिथल्या एका सोबत्यामुळे त्यांना पाखरांचं वेड लागलं होतं. कारखान्याच्या फलकावर सहलीचा कागद लागला. रविवारचा एक दिवस, नाशिकहून पक्षी अभयारण्य आणि परत, सोबत माहितगार मार्गदर्शक, नाश्ता-जेवण त्यातच. ह्यांनी कुणाला न विचारता तिघांची नावं देऊन टाकली. "आईनं शेत आणि चूल सोडून काय बघितलं गं आजवर?" असं म्हणताना ह्यांचे डोळे भरायचे. माणूस चांगला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांचा फार राग येणार आहे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. सासरे वारल्यावर सासूबाई आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या आल्या आणि महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की त्या आपली काही फडकी बाहेरच्या तारेवर वाळत न घालता दाराच्या मागे, आतल्या आत दोरीवर टाकतात. मी मुळातच तोंडाळ. फटकन म्हटलं, "बाहेर एवढं ऊन असताना आत कशाला घालता? कुबट वास येतो खोलीला." दुपारी हे पाळीला गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं. चौथ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी त्या कांदा लावायला वावरात गेल्या होत्या. तेव्हापासून अंग खाली येतं. लघवी धरवत नाही. खोकला आला, शिंक आली, वाकलं, थंडी वाजली, की कपडे ओले. तीस वर्षं हे चाललं होतं आणि सासऱ्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाल्या, "डॉक्टर बाप्या असतो." मी बाई डॉक्टर शोधली. सासूबाई तिच्या जिन्यापर्यंत आल्या, वर बघितलं आणि मागे फिरल्या. घरी आल्यावर माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. त्याला कळता कामा नाय. कळलं ना, मंग तो मला आई म्हणून नाय बघणार. दुखणं म्हणून बघंल." मी आण घेतली. मला वाटलं, त्यात काय एवढं? न बोलणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट वाटायचं वय होतं माझं.

प्रवास कसा करायचा हे सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. वणीच्या गडावर त्या दर चैत्रात जीपनं जायच्या, ते याच पद्धतीनं. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. सकाळी चूळ भरायची, गिळायची नाही. आत फडक्यांच्या तीन घड्या. त्या रविवारी पहाटे त्यांनी हिरवं लुगडं नेसलं आणि मला हळूच म्हणाल्या, "दुपारपतूर निभंल. नको काळजी करू."

बस जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळून निघाली. तीसेक माणसं, त्यात बायका आम्ही धरून पाच. डिसेंबर होता आणि निफाडची थंडी काय असते हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. मार्गदर्शक पन्नाशीचे, खाकी टोपी घातलेले, सगळे त्यांना सर म्हणत होते. आवाज अगदी हळू, जणू बसमध्येही पाखरं झोपली आहेत. त्यांनी नियम सांगितले. बोलायचं नाही. अत्तर लावलेलं चालत नाही. रांग सोडून कुणी कुठंही जायचं नाही. भडक रंग नकोत. एवढं बोलून त्यांची नजर सासूबाईंच्या लुगड्यावर गेली. "आजी, तुम्ही जरा मागं मागं राहा हं," ते म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली. मागं राहणं त्यांच्या सोयीचंच होतं.

निफाडला बस चहाला थांबली. पुरुष मंडळी उतरली आणि भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभी राहिली. मी टपरीवाल्याला विचारलं, बायकांसाठी काही सोय? त्यानं हातातल्या किटलीनंच समोरचं मोकळं रान दाखवलं. उजाडलं होतं आणि बसच्या दिव्यांचा झोतही अजून त्याच रानावर होता. "मला नाय लागली," सासूबाई खिडकीतूनच म्हणाल्या. खरंच नव्हती लागली. पोटात पाणीच नव्हतं तर लागणार कुठून?

तेवढ्यात हे चहाचा ग्लास घेऊन बसमध्ये चढले. "घे आई, गरम हाय. केवढी कुडकुडतीस!" आईशी बोलताना ह्यांची भाषा गावाकडची व्हायची. सासूबाईंनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईनं म्हटलं, "त्यांना नको असेल, बस लागते त्यांना." "आईला बस लागत नाय," हे म्हणाले. सासूबाईंना उभ्या जन्मात कुणी हातात चहा आणून दिला नव्हता. नवऱ्यानं नाही, दिरांनी नाही. लेकानं दिला आणि त्यांच्यानं नको म्हणवलं नाही. बारा तासांची तहान होती, तीन घोटांत ग्लास रिकामा. "बघ! नको नको म्हणत होतीस!" ह्यांना कोण आनंद झाला. धावत जाऊन दुसरा आणला. तोही त्यांनी घेतला. लेकाचं तोंड बघत बघत घेतला.

गोदावरीवरच्या धरणाच्या बांधापाशी बसनं आम्हाला उतरवलं आणि बस परत निफाडला गेली, जेवणाचे डबे आणायला. हे मला ती वळून निघून गेल्यावर कळलं. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की काही झालंच तर बसच्या आडोशाला नेईन. तो आडोसा धूळ उडवत गेला.

त्या जागेचं मला आज काय आठवतं, तर सपाटी. एका अंगाला लांबवर पसरलेलं पाणी, काठाला चिखल, चिखलापुढे घोट्याएवढं गवत. दुसऱ्या अंगाला ऊस होता, पण तोडणी चालू होती. निम्मं रान उघडं पडलेलं, तोडणीवाल्यांच्या झोपड्या, बैलगाड्या, माणसांचा राबता. शेतकरी बाईला उभ्या पिकाचा केवढा आधार असतो, हे मला शहरातल्या मुलीला त्या दिवशी समजलं. आख्ख्या बांधावर वेड्या बाभळींचा एकच पुंजका होता आणि आमच्यातले पुरुष एकेक करून त्याच्याआड जाऊन येत होते. रांग सोडायची नाही हा नियम त्यांना नव्हता, किंवा असला तरी कुणाला दिसत नव्हता. एक परत आला की दुसरा निघायचा. तिथं बाई कशी जाणार? त्या बाभळींचा मला अजून राग आहे.

आणि दुर्बिणी. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण. पाण्याच्या पार पलीकडे बसलेल्या बदकाच्या चोचीचा रंग कोणता, डोळ्याभोवती कडं आहे की नाही, हे ती माणसं इथून सांगत होती. अशा तीस माणसांमध्ये एका म्हातारीनं बसायचं कुठं?

पाऊण तास चालून झालं. सासूबाईंची चाल बदलली होती. त्या लहान लहान पावलं टाकत होत्या, गुडघे जवळ धरून. सरांनी तीन पायांवर मोठी दुर्बीण उभी केली आणि एकेकाला बोलावलं. सासूबाईंची पाळी आली. "आजी, वाका. अजून वाका. हां, आता डोळा लावा." त्या वाकल्याच नाहीत. दोन हात लांबूनच म्हणाल्या, "दिसलं, दिसलं. लय भारी हाय." सगळे हसले. हेही हसले.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, आईंना परत नेऊ या का?"

"का? दमली का? बसवू का इथं दगडावर?"

"दमल्या नाहीत. तसं नाही."

"मग?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आमच्याकडेच बघत होत्या आणि त्यांचा हात आपल्या गळ्याशी होता. कदाचित थंडीनं पदर ओढला असेल. पण मला ती आण आठवली. "काही नाही," मी म्हटलं. सरांना विचारलं, अजून किती वेळ? ते प्रेमळपणे म्हणाले, "ताई, निसर्गात घाई करून चालत नाही." एवढा संताप आला मला त्या माणसाचा! पुढं एक बँकेतल्या बाई होत्या, विजार-स्वेटर घातलेल्या, गळ्यात मोठा कॅमेरा. नेहमी अशा सहलींना येणाऱ्या दिसत होत्या. त्यांना काहीतरी युक्ती ठाऊक असणार म्हणून मी त्यांच्या कानात विचारलं, तुम्ही काय करता अशा वेळी? त्या म्हणाल्या, "मी तर आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही." अगदी सहज सांगितलं. म्हणजे कळवणची अंगठेबहाद्दर म्हातारी आणि या शिकल्यासवरलेल्या बाई, दोघींची युक्ती एकच.

शेवटी मी सासूबाईंना म्हटलं, "मी शाल धरते भोवती. तुम्ही बसा. बघू दे कुणाला बघायचं ते."

"शाल धरली की आंधळ्यालाबी कळंल काय चाललंय," त्या पुटपुटल्या. "आन तो उभा हाय ना तिथं." तो म्हणजे त्यांचा लेक. साऱ्या जगानं बघितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, त्यांना फक्त त्याला कळू द्यायचं नव्हतं.

सर आल्यापासून ज्यांची वाट बघत होते ते क्रौंच त्याच वेळी आले. उंच पायांची करडी पाखरं, वीसपंचवीस तरी असतील. गोल फिरत समोरच्या उथळ पाण्यात उतरू लागली. सरांनी हात खाली दाबून खूण केली, बसा, सगळे उकिडवे बसा, कुणी हलू नका. सगळी रांग एका क्षणात खाली बसली. उभ्या राहिल्या त्या एकट्या सासूबाई, हिरव्या लुगड्यात. उकिडवं बसलं की संपलं, हे त्यांना आणि मला, दोघींनाच माहीत होतं. सर रागानं खूण करत होते. ह्यांनी आईचा पदर ओढला, "आई, बस ना! सगळी बघत्यात." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मदत कर असं त्या नजरेत नव्हतं. मला काही करता येणार नाही हे त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.

मग त्या वळल्या आणि बांधाच्या उतारावरून सरळ पाण्याकडे चालायला लागल्या. चिखल तुडवत, एकदाही न थांबता. घोटा, गुडघा, मांडी. कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ होती. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मी तोंडावर हात ठेवला.

आधी क्रौंच उडाले. मग बदकं, मग बाकीची सगळी, जिकडेतिकडे पंखांचा नुसता गदारोळ. "अहो आजी! अहो, काय करताय हे!" सर ओरडले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज ऐकला. सासूबाई जरा वेळ तशाच थांबल्या. मग त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ भरली, उन्हाकडे तोंड केलं आणि पाणी हळूहळू सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. "हर गंगे! गंगामाय!" मोठ्यानं म्हणाल्या आणि नाक धरून एक बुडी मारली.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यामुळे कुणाला शंकासुद्धा आली नाही. "अरे, म्हातारी आंघोळ करतेय!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. सरांनी टोपी काढून बांधावर आपटली. "श्रद्धा असावी हो, पण दोन तास वाट बघितली होती आपण." त्यांचंही बरोबरच होतं. हे चिखलात उतरले, तोंड लालबुंद झालेलं. "आई, तुला काय कळतंय का? आंघोळच करायची होती तर रामकुंड काय परमुलखात होतं?" आईवर आवाज चढवलेला मी ऐकला तो त्या एकाच वेळी.

"हात जोडावं वाटलं रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "चुकलं माझं. साऱ्यांचा खेळ मोडला."

मला राहवेना. "अहो, उगाच काय ओरडता त्यांना, त्या..." एवढंच मी बोलले. सासूबाईंनी पाण्यातूनच माझ्याकडे हात पुढे केला. "सूनबाई, धर मला, पाय रुततोय." मी पुढे झाले. त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. काठावर येईपर्यंत सोडलं नाही. लुगडं सबंध ओलं होतं. कुठं आधी ओलं झालं आणि कुठं नंतर, आता कुणालाही सांगता आलं नसतं. इतक्या थोड्या वेळात एवढा विचार केला त्या बाईनं, आणि आम्ही सगळे तिला अडाणी समजत होतो.

परतताना त्या मागच्या बाकावर गोणपाट अंथरून बसल्या. बँकेतल्या बाईंनी आपला स्वेटर दिला. हे प्रत्येकाजवळ जाऊन माफी मागत होते, "गावाकडची आहे, समजून घ्या." मी खिडकीबाहेर बघत बसले. चार दिवस सासूबाईंना ताप होता. त्या तापात त्यांनी मला फक्त एकदा विचारलं, "त्याला काय कळलं नाय ना?"

आईवर ओरडल्याचं ह्यांना मागून फार लागलं. ते बोलून दाखवता येईना, म्हणून त्यांनी त्या दिवसाची गोष्ट केली. आधी हसत सांगायचे, मग हसणं कमी होत गेलं आणि कौतुक वाढत गेलं. "आमची आई! गंगा दिसली की तिला भान राहत नाही. पाखरं उडाली तर उडाली!" नात्यात, शेजारात सासूबाईंचं नाव झालं. आपल्याच थापेत त्या अडकल्या. एकादशी आली की शेजारणी हाका मारायच्या, चला आजी, स्नानाला. सिंहस्थात हे त्यांना एवढ्या गर्दीतून हाताला धरून घेऊन गेले. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? तर मिश्कील हसून म्हणाल्या, "पाण्यात हाय तवर बरं असतं. कोणाला काय कळतंय?"

मी मधूनमधून ह्यांना म्हणायची, आईंना एकदा नीट डॉक्टरला दाखवू. हे लगेच आईला विचारायचे. आई म्हणायची, मला काय धाड भरलीय? हे सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि विषय संपायचा. आण मोडायचं माझ्या तोंडाशी दहादा आलं असेल, पण मोडली नाही. त्याला निष्ठा म्हणायचं की भित्रेपणा, ते मला आजही ठरवता येत नाही. बरी होण्यासारखी बाई होती ती. साधं ऑपरेशन असतं, असं मी पुढं कुठंतरी वाचलं. वाचलं तेव्हा वर्तमानपत्र मिटून ठेवलं.

आणखी सातआठ वर्षांनी, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन सासूबाई गेल्या. अस्थींचा विषय निघाला तेव्हा ह्यांनी सगळ्यांना चकित केलं. म्हणाले, रामकुंडावर नाही, आईच्या अस्थी मी तिथं सोडणार, त्या बांधाच्या पाण्यात. चुलतसासरे चिडले. देशभरातली माणसं अस्थी घेऊन नाशकात येतात, आणि नाशिकची माणसं नाशिक सोडून कुठं निघाली? हे ऐकेनात. "तिला जे पाणी दिसल्यावर राहवलं नाही, त्याच पाण्यात तिला सोडणार. मी तिला तिथं बोललो होतो, काका." बोलता बोलता हे रडायला लागले. मग काकाही नमले.

मी तेवढी म्हणाले, "रामकुंडावरच करू या ना."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परकीच. "तू असं म्हणतेस? तू तर होतीस ना तिथं. तू बघितलंयस तिला."

मी बघितलं होतं. आण घालणारा माणूस गेला की आण सुटते, असं म्हणतात. मी मोकळी होते. पण सांगून काय करणार होते? ह्यांच्याजवळ आईचं म्हणून जे एक सुंदर उरलं होतं, ते काढून घ्यायचं आणि त्या जागी काय ठेवायचं? दोन ग्लास चहा?

आम्ही जीप करून गेलो. तोवर तिथं तिकिटाची खिडकी झाली होती आणि तिच्या शेजारी दोन दारांची एक खोली, पुरुष आणि स्त्रिया. एका दारावर बाईचं चित्र होतं. मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. ह्यांनी हाक मारली तेव्हा पुढं झाले.

सासूबाई जिथून उतरल्या होत्या, साधारण तिथूनच हे पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन थांबले, मडकं सोडलं. मग आईनं केलं होतं अगदी तसंच उन्हाकडे तोंड केलं, ओंजळ भरली आणि पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. "हर गंगे," म्हणताना त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत एकही हालचाल विसरले नव्हते. मी काठावर त्यांचा टॉवेल घेऊन उभी होते.

निथळत वर आले आणि म्हणाले, "बरोबर केलं ना गं मी? आई खूश असेल ना?"

मी हो म्हटलं.